तोंड दिसेल असा ओटा

"त्या ओट्यात साहेबाला सोताचं तोंड दिसलं पायजे, तोंड! भांग पाडून जाईल साहेब त्याच्यात बघून!"

सोसायटीच्या भर बैठकीत गुरुसिद्धप्पा हे बोलले आणि तिथंच सगळ्या घोळाला सुरुवात झाली.

होनवाडी हे लोहाऱ्याच्या पलीकडचं गाव. कर्नाटकची हद्द इतकी जवळ, की इथली माणसं भांडण मराठीत सुरू करतात आणि शिव्या कानडीत देतात. त्र्याहत्तरचा उन्हाळा चालू होता. विहिरीत दगड टाकला तर डुबुक न होता खण्णदिशी वाजायचा. अर्धं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं आणि संध्याकाळी सोसायटीत मिलो घ्यायला यायचं. मिलो म्हणजे बोटीतनं आलेली ती तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची, भाजताना तुटायची, आणि खाताना मात्र काही केल्या तुटायची नाही!

या सोसायटीच्या गोदामासमोर एक लाकडी ओटा होता. बैलगाडीच्या उंचीला सागवानी फळ्या ठोकून केलेला, म्हणजे गाडीतली पोती थेट त्याच्यावर उतरवता यायची. उन्हापावसानं, छे, पाऊस कुठला, नुसत्या उन्हानंच फळ्या राखाडी पडल्या होत्या. त्यांची बारीक कुसं निघाली होती. बसलेला माणूस उठताना ओट्याची काही ना काही आठवण बरोबर घेऊन जायचा आणि घरी गेल्यावर ती चिमट्यानं काढून घ्यायचा. पण शेजारच्या लिंबाची सावली बरोब्बर त्या ओट्यावर पडायची. त्यामुळं दुपार कलली की गावातली पुरुषमंडळी तिथं ठाण मांडायची. बायका खाली, उन्हात, रांगेत. त्यांना 'ओट्यावर बसू नका' असं कुणी म्हणत नव्हतं. फक्त त्यांच्यासाठी कुणी सरकत नव्हतं, एवढंच.

आणि हा ओटा पाडायचं सोसायटीच्या चेअरमननं ठरवलं.

चेअरमन तात्याराव. धिप्पाड गडी. गावात प्यायच्या पाण्याला टँकरची वाट बघावी लागत होती, पण तात्यारावांचं धोतर रोज बगळ्यासारखं पांढरंफेक! ते म्हणाले, "ओटा कुजलाय. आज ना उद्या कुनाचा तरी पाय मोडतोय. तपासनीला साहेब यायलेत, त्यांच्यासमोर निकामी ठरवू आन् पाडून टाकू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तात्यारावांनी गावाबाहेर नवं घर बांधलं होतं आणि त्याला अजून एकही चौकट नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दारं-खिडक्यांच्या जागी नुसती भोकं. दात पडलेल्या म्हाताऱ्यानं जांभई द्यावी तसं ते घर दिसायचं. सोसायटीचं निकामी सागवान कुठं जाऊन कामी येणार होतं, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. पण बोलणार कोण?

गुरुसिद्धप्पा बोलले.

गुरुसिद्धप्पा म्हणजे सोसायटीचे एक पंच. अंगानं काडी, पण मिशी अशी की वाटावं, मिशीनंच माणूस धरून ठेवलाय. त्यांना एखाद्या गोष्टीला 'नाही' म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं. ओट्याच्या कोपऱ्यात, बुंध्याला पाठ टेकता येईल अशी त्यांची ठरलेली जागा होती. रान पडीक, विहीर कोरडी, बैल चारा-छावणीत. माणसाला आपलं म्हणायला तेवढी एक जागा उरली होती, आणि तीही तात्याच्या चौकटीला जाणार!

"कुजलाय कोन म्हनतंय?" ते उसळले. "सागवान हाय ते! वरनं म्हातारं दिसतंय, आतनं लोखंड हाय. माज्यासारखं!"

"आप्पा, तुमी आतनं काय हाव ते ऱ्हाऊ द्या," तात्याराव म्हणाले. "ओट्याचं बोला."

"तेच बोलायलोय. वरचं तासून काढलं, पॉलिश मारलं, की नवं कोरं व्हतंय."

"आन् पॉलिश मारनार कोन?"

"म्या!"

तात्याराव हसले. इथंच ते चुकले. ते हसले नसते तर गुरुसिद्धप्पा घरी जाऊन पान खाऊन झोपले असते. पण ते हसले, आणि गुरुसिद्धप्पांच्या मिशीचं एक टोक वर गेलं.

"तात्या, म्या हैद्राबादला असताना एका नवाबाच्या मेजाला पॉलिश केलतं. नवाब त्याच्यात बघून दाढी करायचा!"

तरुणपणी ते हैदराबादला एका चुलतभावाकडं राहून आले होते, हे खरं. तो भाऊ लाकडी सामानाच्या कारखान्यात कामाला होता, हेही खरं. गुरुसिद्धप्पा तिथं किती दिवस राहिले आणि काय करत होते, हे मात्र दर वर्षी थोडं थोडं वाढत गेलं होतं. नवाब यंदा पहिल्यांदाच आला होता.

"बरं," तात्याराव म्हणाले, "करा पॉलिश. साहेबासमोर बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला सुरुवात झाली. मदतीला शरणप्पा, सोसायटीचा राखणदार. 'व्हय आप्पा' म्हणणं एवढाच त्याचा स्वभाव. दोघांनी खुरप्यानं आणि फुटक्या काचेच्या तुकड्यांनी फळ्या खरवडून काढल्या. राखाडी साल निघाली आणि खालनं खरंच पिवळाधमक सागवान दिसायला लागला.

"बगितलंस?" गुरुसिद्धप्पांनी फळीवर थाप मारली. "कुजलाय म्हनं!"

"व्हय आप्पा."

"व्हय काय? कुजलाय का?"

"न्हाय आप्पा."

आता पॉलिश. करडीचं तेल कढवायचं, त्यात राळ घालायची, रंगाला गेरू आणि कात घालायचा, हे त्यांना पक्कं आठवत होतं. त्या कारखान्यातला वासही आठवत होता. कशात काय किती घालायचं, ते प्रमाण तेवढं हैदराबादलाच राहिलं होतं. पण प्रमाणावाचून अडून बसणारा माणूस वेगळा! राळ, गेरू आणि कात वाण्याकडनं मिळालं. तेलासाठी त्यांनी आपल्या घरातल्या फळीवर नजर टाकली.

फळीवर जगदेवीचा डबा होता. जगदेवी म्हणजे त्यांची बायको. दुष्काळ पडायच्या आधी घाण्यावरनं काढून आणलेलं करडीचं तेल तिनं थेंबाथेंबानं पुरवलं होतं. भाजीला फोडणी देताना ती पळीत तेल घ्यायची नाही, तेलाला पळी नुसती दाखवून आणायची. आत्ता ती खडीच्या कामावर गेलेली होती.

"वाटीभर तर घ्यायचं हाय," गुरुसिद्धप्पा स्वतःशी म्हणाले.

वाटीभर तेलानं कढईचा तळही भिजेना. मग तांब्याभर घेतलं. मग, डब्यात आता एवढंसं कशाला ठेवायचं म्हणून, डबाच उपडा केला.

अंगणात चूल पेटली, तेल कढायला लागलं, आणि आक्रीत घडलं. त्या तेलाचा वास गावात पसरला!

मंडळी, त्या उन्हाळ्यात होनवाडीत कुणी तळण केल्याला किती महिने झाले होते, देव जाणे. गावाच्या नाकाला नुसती धूळ आणि मिलोचा कोंडा माहीत. त्यात हा तापल्या तेलाचा वास! माणसं झोपेतनं उठल्यासारखी उठली. गाईच्या मागं वासरं निघावीत तशी वासामागं निघाली.

पहिल्यांदा शेजारची हरणाबाई आली. काखेत शेळीचं दावं, मागं शेळी.

"आप्पा, काय तळायलाव? भजी का पुऱ्या?"

"पॉलिश!"

"पॉलिश?" हरणाबाईनं विचार केला. "हे बदामाचं असतंय का?"

गुरुसिद्धप्पा उत्तर देईपर्यंत अंगणात दहाबारा माणसं जमली. कुणी म्हणालं, पाहुणे आलेत. कुणी म्हणालं, गुपचूप साखरपुडा उरकायलेत. गुरुसिद्धप्पांना लेक नव्हती, लेक जाऊ द्या, मूलबाळच नव्हतं. तरी पण साखरपुडा! एक म्हातारबा तर हातपाय धुवायला पाणी नाही म्हणून नुसतेच झटकून, मांडी घालून भिंतीला रांगेत बसले. त्यांच्या शेजारी दोघं बसले. त्यांच्या शेजारी चौघं. बघता बघता पंगत बसली!

"उठा! उठा!" गुरुसिद्धप्पा पळी नाचवत ओरडले. "हे खायचं न्हाय!"

"आमाला न्हाय, मग कुनाला?" म्हातारबा ताठ झाले. "भावकीला काय?"

"ओट्याला!"

पंगतीतली माणसं हलकेच एकमेकांकडं बघायला लागली. दुष्काळात उन्हानं डोकं फिरल्याची दोनतीन उदाहरणं आसपासच्या गावात घडली होती. म्हातारबांनी हळू आवाजात विचारलं, "आप्पा, ओट्याला भूक लागलीय, आसं त्यो तुमाला सोता बोलला का?"

एवढ्यात मागनं आवाज आला, "री..."

जगदेवी आली होती. डोक्यापासून पायापर्यंत खडीच्या पांढऱ्या धुळीनं माखलेली, हातात हातोडा. ती कधी नवऱ्यावर ओरडायची, तेव्हा गुरुसिद्धप्पा घाबरायचे नाहीत. ती हळू आवाजात 'री', म्हणजे कानडीतलं 'अहो', म्हणाली, की मात्र त्यांच्या मिशीची दोन्ही टोकं खाली यायची.

"री, माजा डबा कुठाय?"

गुरुसिद्धप्पांनी डब्याकडं बोट केलं. डबा अंगणात आडवा पडला होता आणि हरणाबाईची शेळी आत तोंड घालून तो चाटत होती.

"जगदेवी, हे गावाचं काम हाय..."

"तेल गावाचं व्हतं का?"

पंगत पटापट उठली. अशा वेळी दुसऱ्याच्या अंगणात थांबू नये, एवढं गावाला कळत होतं. जगदेवीनं कढईत डोकावून बघितलं. आत तांबडं, दाट, फुगे काढणारं काहीतरी रटरटत होतं.

"आता हे खाता बी येत न्हाय," ती म्हणाली.

"राळ घातलीय."

"फोडनीला चालंल का?"

"दातखीळ बसंल."

जगदेवी तिथंच चुलीशेजारी खाली बसली. हातोडा मांडीवर ठेवला. गुरुसिद्धप्पांना वाटलं, आता रडते की काय. रडली असती तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

"कशापायी?" तिनं विचारलं.

"तात्या हसला."

"आन्?"

"ओटा तोडून घराला चौकटी करनार हाय त्यो. समद्या गावाला ठाव हाय. कुनी बोलंना. म्या बोललो."

जगदेवीनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली. मग त्यांच्या हातातली पळी काढून घेतली आणि स्वतःच ढवळायला लागली.

"मग नीट करा," ती म्हणाली. "तेल गेलं ते गेलं. पन माजं तेल पिऊन त्यो ओटा जर तात्याच्या दारात जाऊन उभा ऱ्हायला, तर ह्यो हातोडा हाय आन् तुमी हाव!"

दिवस मावळायच्या आत घायपाताच्या कुंच्यानं सगळा ओटा रंगवून झाला. आणि खरं सांगायचं तर, काय दिसत होता! डाळिंबाचे दाणे फोडून पसरावेत तसा तांबूस, चकचकीत! गाव बघायला लोटलं. गुरुसिद्धप्पा कमरेवर हात ठेवून उभे. शरणप्पा वाकून फळीत बघत होता.

"दिसलं का तोंड?"

"दिसलं आप्पा. पन लांबडं दिसायलंय."

"तुजं हायच लांबडं!"

ती एक संध्याकाळ गुरुसिद्धप्पा राजे होते.

सकाळी त्यांनी ओट्याला बोट लावलं. बोट ओट्यालाच राहायला लागलं. ओढून काढलं तेव्हा मधल्या जागेत गुळाच्या पाकाला निघते तशी तार निघाली.

"आप्पा, ओलं हाय," शरणप्पा म्हणाला. पहिल्यांदाच तो न विचारता बोलला होता.

"ओलं न्हाय, ताजं हाय! ऊन लागलं की वाळतंय."

ऊन लागलं. चांगलं रणरणून लागलं. ओटा आणखी पातळ झाला. काय सांगावं! त्या उन्हानं गावातल्या विहिरी वाळवल्या होत्या, ओढे वाळवले होते, म्हशींच्या कासा वाळवल्या होत्या, माणसांची तोंडं वाळवली होती. फक्त हा एक ओटा वाळवायला त्या उन्हाला जमेना!

दुपारी माश्या आल्या. बसल्या, त्या बसल्याच. लिंबाची पानं पडली, ती अशी जडून बसली जणू कुणी नक्षी काढावी. मग हरणाबाईची शेळी ओट्यावर चढली. तेलाची चटक तिला कालच लागली होती. सावली बघून ती निवांत पसरली. हरणाबाई न्यायला आली तेव्हा शेळी आपल्या जागची हलेना.

"आप्पा, माज्या शेळीला काय केलंव?"

"तुजी शेळी माज्या पॉलिशवर बसलीय, आन् मलाच इचारतीस?"

चौघांनी उचलली तेव्हा शेळी सुटली, पण एका बाजूचे केस तिथंच ठेवून गेली. ओट्याला दाढी आली. शेळी मात्र निम्मी गुळगुळीत होऊन गावभर बें बें करत फिरत होती. पॉलिश शेळीला चांगलं बसलंय, असं ज्याच्यात्याच्या तोंडी झालं.

गुरुसिद्धप्पा हातात काठी घेऊन ओट्यासमोर पहाऱ्याला बसले. साहेब दोन दिवसांनी येणार होते. तोवर वाळेल. नाही वाळायला काय झालं? ते एकेक केस उपटत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "हैद्राबादी पॉलिश हाय. मुरायला टाइम लागतोय. लोनचं काय एका दिसात मुरतंय का?"

आणि तेवढ्यात उमरग्याच्या रस्त्याला धुरळा उठला. जीप! साहेब आजच आले.

तात्याराव आधीच तयारीत होते. पांढरंशुभ्र धोतर, बरोबर पाचसहा गडी आणि एका गड्याच्या खांद्यावर पहार. साहेब हा तरुण, पोरसवदा वाटणारा, शांत बोलणारा माणूस होता. तो खाली उतरून ओट्याकडं चालत निघाला, तसे गुरुसिद्धप्पा दोन्ही हात पसरून आडवे झाले.

"साहेब, तिथंच! तिथनंच बगा!"

"का हो?"

"पॉलिश लांबनंच बगायचं असतंय. हैद्राबादेत आसंच बगतेत!"

तात्याराव गडगडून हसले. "बगितलंव साहेब? जवळ येऊ द्यायलेनात. वरनं रंग फासलाय, आत समदं कुजकं हाय. मानूस बसला की खाली जातंय. हे बगा, तुमच्यासमोर दावतो!"

"तात्या, बसू नका!" गुरुसिद्धप्पा ओरडले.

"का? मोडंल म्हनून भ्या वाटायलंय व्हय?"

"तात्या, ऐका माजं!"

पण तात्याराव ऐकतात कशाला! त्यांनी उलटी उडी मारून आपलं सगळं वजन, धोतरासकट, ओट्याच्या मधोमध आपटलं. धप्प!

फळी करकरली नाही. वाकलीसुद्धा नाही. तात्यारावांनी जरा वाट पाहिली. पुन्हा जोर देऊन बसल्याजागी आपटायचा प्रयत्न केला, तर आपटायला आधी वर उठावं लागतं, आणि तेच जमेना!

"कोन धरलंय रं मागनं?" तात्याराव गरजले. "शरनप्पा, सोड!"

शरणप्पा त्यांच्या समोर, हात बांधून उभा होता.

तात्यारावांनी दोन्ही पंजे फळीवर टेकून उठायला जोर लावला. आता पंजेही बसले. चेअरमन चारी बाजूंनी पक्के झाले. साहेबानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ओढा की रं! बगत काय ऱ्हायलाव!"

गड्यांनी तात्यारावांच्या काखेत हात घातले. एकानं जोर यावा म्हणून ओट्यावर पाय रोवला, त्याची चप्पल गेली. दुसऱ्यानं त्याला धरलं, तिसऱ्यानं दुसऱ्याला. बैल चिखलात रुतल्यावर ओढतात तसा 'हेईऽऽ हुप्प!' सुरू झाला. मिलोसाठी थांबलेल्या बायका तोंडात पदर कोंबून बघत होत्या. गुरुसिद्धप्पांचं तोंड तर पार उतरलं होतं. संपलं सगळं! ओटा गेला, तेल गेलं, इज्जत गेली.

"उपटा ती फळी!" तात्याराव किंचाळले. "पहार घाला फळीखाली! माज्यासकट उपटा!"

गड्यानं फळीखाली पहार घातली आणि दोघं जण तिच्यावर लोंबकळले. पहार सटकली, दोघं तोंडावर आपटले. पुन्हा घातली. फळी जागची हलली नाही. खिळा निघाला नाही की चीर गेली नाही.

आणि गुरुसिद्धप्पांच्या मिशीचं एक टोक हळूच वर आलं.

"अजून जोर लावा!" ते एकदम ओरडले. "दम न्हाय का अंगात? ओढा! चौघं काय करनार, धा जन लागा! साहेब, बगा, नीट बगा! एक तरी फळी हलायलीय का?"

"आप्पा, गप बसा!" तात्याराव.

"का गप? तुमीच बोल्लाव ना, मानूस बसला की खाली जातंय? जावा की खाली! कोन आडवलंय?"

साहेबानं गड्याच्या हातातनं पहार घेतली, स्वतः फळीच्या फटीत घालून बघितली. मग अगदी शांतपणे विचारलं, "चेअरमनसाहेब, कुजलेली फळी पहारीनं निघत नाही?"

तात्यारावांनी पुन्हा एक हिसडा दिला. चर्रर्र असा मोठा आवाज झाला. गड्यांना वाटलं, फळी सुटली. पण सुटले होते ते तात्याराव. धोतराचा मागचा सगळा भाग ओट्यानं ठेवून घेतला होता!

बायकांनी एकदम माना फिरवल्या. रांगेतनं असा हशा उसळला की लिंबावरचे कावळे उडाले. शरणप्पानं धावत जाऊन मिलोचं रिकामं पोतं आणलं. ते कमरेला गुंडाळून तात्याराव घराकडं निघाले. पोत्यावर मागच्या बाजूला मोठ्ठाली परदेशी अक्षरं. बोटीतनं नुकताच उतरवून घेतलेला माल चालत जावा तसं दिसत होतं.

साहेब बराच वेळ जीपकडं तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. मग तो वळला.

"ओटा पक्का आहे," तो म्हणाला. "पाडायचा नाही. पण हे लावलंय तरी काय याला?"

"हैद्राबादी पॉलिश, साहेब!" गुरुसिद्धप्पांनी छाती काढली.

"माजं तेल," बायकांच्या रांगेतनं जगदेवी म्हणाली.

साहेबानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा गुरुसिद्धप्पांकडं, आणि दोघांनाही नमस्कार करून तो निघून गेला.

जीप दिसेनाशी झाली तसं पुरुषमंडळींनी गुरुसिद्धप्पांना उचलून खांद्यावर घेतलं. तात्याला आजवर कुणी असं बसवलं नव्हतं! सगळे वाजतगाजत ओट्यापर्यंत आले आणि थांबले.

"बसा की!" गुरुसिद्धप्पा खांद्यावरनं म्हणाले. "आता आपलाच हाय!"

कुणी हलेना. ओट्याच्या मधोमध तात्यारावांचं धोतर पांढरंशुभ्र चमकत होतं. जो तो आपापल्या धोतराकडं बघायला लागला. वर्षातनं एकदा नवं मिळायचं ते, आणि यंदा तेही मिळायची खात्री नाही.

"आदी तुमी बसा, आप्पा. मान तुमचा."

"न्हाय, न्हाय, म्हातारबा, तुमी वडील मानूस..."

"मी उभाच बरा. बसून बसून गुडघे धरतेत."

अशी एकमेकांना मानपान देत सगळी मंडळी उभी असताना जगदेवी रांगेतनं उठली. दिवसभर खडी फोडून तिच्या कमरेचा काटा ढिला झाला होता. तिनं गोदामाच्या दारातलं एक फाटकं पोतं उचललं, ओट्यावर अंथरलं, पायानं दाबून बघितलं. पोतं जागच्या जागी घट्ट बसलं. ती चढली, सावलीत गेली आणि पोत्यावर मांडी घालून बसली. तिला काहीच चिकटलं नाही.

"अगं बया!" हरणाबाई म्हणाली. "सरकत बी न्हाय व्हय गं?"

"काय सरकतंय! सतरंजीवानी बसलंय. ये."

हरणाबाई पोतं घेऊन चढली. तिच्यामागं आणखी दोघी. मग सगळी रांगच पोती घेऊन चढली. कुणी हातोडे बाजूला ठेवले, कुणी पाय लांब केले, कुणी बुंध्याला डोकं टेकून डोळे मिटले. एवढ्या वर्षांत उन्हात बसून रांग लावणाऱ्या बायकांनी पहिल्यांदाच लिंबाची सावली अंगावर घेतली. बघता बघता सगळा ओटा पोत्यांनी मढला, आणि ती पोती त्यानंतर कुणाच्या बापाला निघाली नाहीत.

ओट्यावर तीळ ठेवायला जागा राहिली नाही. पुरुष मंडळी खाली, उन्हात, कडेकडेनं उभी. गुरुसिद्धप्पा खांद्यावरनं खाली उतरले, मिशी सारखी केली आणि सावकाश आपल्या कोपऱ्याकडं गेले. तिथं, बुंध्याला पाठ टेकून, जगदेवी बसली होती.

"जगदेवी," ते हळूच म्हणाले, "ती माजी जागा हाय."

"माजं तेल मुरलंय हितं."

"व्हय गं, पन जरा सरक की."

"कुठं सरकू? पोतं चिकटलंय."

आजूबाजूच्या बायका खुसुखुसु हसायला लागल्या. मागं उभी असलेली मंडळी बघत होती. गुरुसिद्धप्पांना आता माघार घेणं शक्यच नव्हतं. त्यांनी छाती पुढं काढली, आवाज चढवला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले,

"आगं, हा ओटा आज उभा हाय, त्यो कुनामुळं? माज्यामुळं उभा हाय!"

जगदेवीनं पाय पसरले, पाठ नीट टेकली आणि वर त्यांच्याकडं बघितलं.

"व्हय की," ती म्हणाली. "मग आता तुमी दोगंबी ऱ्हावा उभं. आमी बसतो."